रोहण्यातलं डब्याचं लफडं

मी कोणाच्या भानगडीत पडत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण ही गोष्ट पोटात ठेवली तर मुरडा यायचा. तेव्हा दार जरा लोटून घ्या, चहा पुढे ओढा आणि ऐका. आमच्या रोहण्यात एक नवं व्यसन शिरलं आहे.

दारू नाही हो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे दारू कुठे मिळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात कसली बातमी! सट्टा नाही, मोबाइलवरची रमी नाही, कोणी कोणाबरोबर पळालेलंही नाही. त्या सगळ्याची गावाला सवय आहे. कोणी रडायचं आणि कोणी समजूत घालायची, हे ठरलेलं असतं. हे व्यसन निराळंच. धडधाकट, शिकलेली माणसं कापसाच्या पैशातून एक लोखंडी डबा आणतात. डब्याला फिरवायच्या खुंट्या, वर चमकणारे आकडे, खाली तीन भोकं: लाल, काळं आणि हिरवं. हा डबा भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसायचा आणि त्याच्या भोकांतून वीज काढायची.

विजेतून वीज! उद्या कोणी विहिरीचं पाणी माठात भरून माठातून विहिरीत ओतायला लागलं, तर त्याला बाहेरची बाधा झाली म्हणाल की नाही?

आणि लाट आली आहे, लाट! लाट म्हणजे मोजून साडेतीन माणसं. पण गावात बोलायला तेवढी पुरतात. पूर्वी पुलगाव-आर्वीची छोटी गाडी आमच्याकडून जायची, तेव्हा बातमीला आर्वी गाठायला निदान गाडीइतका वेळ लागायचा. ती गाडी बंद पडून जमाना झाला. आता बातमी पार्सलच्या आधी घरात येते.

पार्सलवरूनच सगळं सुरू झालं.

माझ्या जावेचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत घरी आला होता. भर दुपारी कुरिअरवाला घाम पुसत एक खोका घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, सांभाळून धरा, पाच किलो आहे." जाऊबाईंचा चेहरा असा फुलला म्हणता! पोरानं आईसाठी मिक्सर मागवला. मीसुद्धा म्हटलं, बघा, शिकलं की पोरं सुधारतात. खोका उघडला. आत ना भांडं, ना पातं.

"काय होय रे हे?"

"बेंच पॉवर सप्लाय, आई."

"सप्लाय तं महावितरण देते ना रे!"

आता या वाक्यात चूक काय, तुम्हीच सांगा. पण पोरगा हसला. म्हणाला, "महावितरण देते ते २३० व्होल्ट. तेही सेकंदाला पन्नास फेरे मारणारे. माझ्या सर्किटले लागतात कधी तीन, कधी पाच, कधी बारा, अन् सरळ एका दिशेचे. सेल लावला तं तो उतरत जातो. चार्जर लावला तं तो आपलेच पाच देतो. यातून शून्यापासून तीसपर्यंत पाहिजे तेवढे व्होल्ट काढता येतात, पाच अँपिअरपर्यंत. अन् सर्किट किती खाऊन राहिलं तेही दिसते."

"अन् बेंच कुठी आहे?"

टेबलावर ठेवायचा म्हणून बेंच. टेबल असताना बेंच का म्हणायचं, ते कोणी सांगितलं नाही.

जाऊबाई जगातले सगळे हिशेब कापसात करतात. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. डब्याची किंमत साडेपाच हजारांच्या आत-बाहेर. जाऊबाईंनी उभ्या उभ्या सांगितलं, "म्हणजे अडुसष्ट किलो कापूस या खोक्यात गेला. अन् वेचाले बाया भेटत नाहीत!" मला यातलं काही कळत नाही, पण हिशेब बरोबर होता. मी नंतर करून पाहिला.

पोराला फूस लावणारा मात्र दुसराच आहे. आमचा मोबाइल दुरुस्तीवाला. त्याच्या टेबलावर असा डबा वर्षानुवर्षं आहे, आणि गावातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही! मोबाइलवाले त्याला नुसतं 'डीसी सप्लाय' म्हणतात. मेलेला मोबाइल आला की हा बॅटरी काढतो, डबा चार व्होल्टवर ठेवतो आणि लाल-काळे चिमटे लावतो. मग मोबाइलकडे बघतच नाही. वैद्यानं नाडी धरावी तसा डब्यावरच्या अँपिअरकडे बघतो. चालूचं बटण दाबायच्या आधीच आकडा चढला की म्हणतो, "शॉर्ट आहे." बटण दाबल्यावर थोडा चढून तिथेच अडकला तर दुसरं निदान, चढ-उतार करत नाचायला लागला तर तिसरं. शॉर्ट सापडत नसेल तर बोर्डावर राळेचा धूर बसवतो, जपून एखादा व्होल्ट सोडतो, आणि जिथली राळ आधी वितळेल तो पार्ट गुन्हेगार.

बघा म्हणजे. गावातल्या निम्म्या भानगडी ज्या मोबाइलांत भरलेल्या आहेत, ते सगळे याच्या हातून जातात. आणि हा बघतो काय, तर अँपिअर! अशा माणसाचा भरवसा काय धरायचा?

तिसरं नाव घेताना माझी जीभ अडखळते, कारण ते गुरुजी आहेत. विज्ञानाचे, निवृत्त, गावात मान असलेले. पोराचा डबा पाहायला म्हणून आले आणि दाराशीच म्हणाले, "विकत आणला?" तो सूर असा होता की पोरानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी कळलं की गुरुजींच्या माळ्यावर स्वतःच्या हातानं केलेला डबा आहे! बिस्किटाच्या पत्र्याच्या पेटीत ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, चहाच्या पेल्याएवढा कपॅसिटर आणि एलएम ३१७ नावाची तीन पायांची चिप. ही चिप अमेरिकेत बॉब डॉबकिन नावाच्या माणसानं १९७०च्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत घडवली. तिचा एकच बाणा. आपल्या दोन पायांमध्ये सव्वा व्होल्ट, कमी नाही की जास्त नाही. बाहेर दोन रेझिस्टर जोडून त्या सव्वाची पट काढायची, की सव्वापासून सदतीस व्होल्टपर्यंत हवं ते मिळतं, दीड अँपिअरपर्यंत. त्याहून जास्त पाहिजे तर जोडीला टू-एन ३०५५ हा जाडजूड ट्रान्झिस्टर. ज्या पिढीनं घरी बॅटरी एलिमिनेटर बनवले, तिला हे दोन आकडे गोत्रासारखे पाठ आहेत.

गुरुजी म्हणाले, "पॉवर सप्लाय विकत आणणं म्हणजे पापड विकत आणणं."

हे मात्र जाऊबाईंना पटलं. त्या दिवसापासून त्या गुरुजींच्या पक्षात आहेत, आणि गुरुजी आले की चहाबरोबर गोरसपाक निघतं. आम्हाला नुसता चहा.

आता पक्ष म्हटलं की वाद आलाच. डबेवाल्यांत दोन घराणी आहेत, आणि त्यांचं आपसात रोटी-बेटी सोडा, पाणीही चालत नाही. जुनं घराणं लिनिअर. मोठा ट्रान्सफॉर्मर, जड अंग, शांत स्वभाव. हे आत जास्त व्होल्ट तयार करून ठेवतं आणि नको असलेले गरमी करून घालवतं. आत पस्तीस व्होल्ट असताना बाहेर पाच मागितले आणि तीन अँपिअर ओढले, तर उरलेल्या तीस व्होल्टांचे नव्वद वॅट नुसते डबा तापवण्यात गेले. उधळेपणाच म्हणायचा. पण बाहेर येतं ते निर्मळ, एखाद-दुसऱ्या मिलिव्होल्टची लहर असली तर असली. नवं घराणं एसएमपीएस. हे विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करून परत जोडतं. हलकं, स्वस्त, फार तापत नाही, पण त्याच्या विजेत सतत बारीक कुजबुज. माझा स्वभाव कोणत्या घराण्याचा, हे आमच्या घरी न विचारता सांगतात.

मोबाइलवाला एसएमपीएसचा. तो म्हणतो, एलईडी, मोटार, बॅटरी यांना ती कुजबुज ऐकू येत नाही, उगाच कशाला वजन वाहायचं? गुरुजी लिनिअरचे. ते म्हणतात, रेडिओ लावून बघ, अँप्लिफायर लावून बघ, नाजूक सेन्सर लावून बघ, मग सांग. दोघांचंही खरं आहे, म्हणून वाद मिटत नाही.

पोरानं आणलेला डबा लिनिअरच, पण जरा हिशेबी. त्याच्या ट्रान्सफॉर्मरला मधूनमधून टॅप काढलेले. कमी व्होल्ट मागितले की कमी टॅपवर, जास्त मागितले की वरच्या टॅपवर, म्हणजे गरमी कमी. टॅप बदलताना आत रिले वाजते, 'टक'. रात्री अकरा वाजता पोरगा खुंटी फिरवत बसला होता. टक. थोड्या वेळानं परत टक. शेजारच्या खोलीत जाऊबाई उठून बसल्या. त्यांच्या भावाच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि बरोब्बर तोच विषय मनात असताना पाल चुकचुकली! सकाळी त्यांनी भावाला फोन करून बैठक पुढे ढकलली. एका रिलेनं सोयरीक लांबवली. आहे की नाही लफडं?

आणि आमचा उन्हाळा. या डब्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, चाळीस अंश तापमानापर्यंत वापरा. आमच्याकडे मे महिन्यात चाळीस म्हणजे आभाळ आलं असं समजतात. टिनाखालच्या खोलीची तर गोष्टच नको. पोरगा म्हणतो, पुस्तकात पाच अँपिअर लिहिले असले तरी उन्हाळ्यात तीनाच्या वर ओढायचे नाहीत, आणि मागच्या जाळीसमोर वीतभर मोकळी जागा ठेवायची. त्यानं वीतभर नाही, अख्खा कूलर ठेवला. घरात एकच कूलर. मग त्याच्यासमोर पहिला हक्क कोणाचा, पोराच्या आबाजींचा की डब्याचा, यावर जे झालं ते मी सांगणार नाही. आबाजी जिंकले एवढंच सांगते.

पण खरी खमंग गोष्ट पुढेच आहे.

डब्याला मुख्य खुंट्या दोन. एक व्होल्टची, ती कोणालाही कळते. दुसरी अँपिअरच्या लिमिटची, आणि सगळा खेळ तिचा. पंगतीतला वाढपी डोळ्यासमोर आणा. हिरवा दिवा आहे तोवर ताटात जागा दिसली की हा वाढतो, जेवणारा ओढेल तेवढं. याला ते सीव्ही म्हणतात. पण यजमानानं आधीच कानात सांगून ठेवलं असेल की या पाहुण्याला दोन जिलब्या, तिसरी नाही, तर दुसरी पडताच लाल दिवा लागतो. मग पाहुण्यानं कितीही आरडाओरड करावी, वाढपी व्होल्ट खाली आणेल पण दोनाच्या वर जाणार नाही. ही सीसी. नव्या सर्किटला वीज द्यायच्या आधी लिमिट पन्नास मिलिअँपिअरवर ठेवायची. तार चुकीची लागली, आणि पोरांच्या हातून लागतेच, तर लाल दिवा लागतो, पोरगा "अरे" म्हणतो, तार बदलतो. तिथे मोटारसायकलची बॅटरी असती, तर "अरे" म्हणायच्या आधी धूर.

ही लिमिट ठरवताना पोरानं काय केलं, तर डब्याची लाल तार आणि काळी तार जाणूनबुजून एकमेकींना चिकटवली! आमच्या डोळ्यांदेखत! जाऊबाईंनी किंकाळी फोडली. मी चप्पल हातात घेऊन मेन स्विचकडे धावले. लाल-काळी एकत्र आल्यावर काय होतं, हे गावात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि झालं काय? काही नाही. व्होल्ट शून्याजवळ येऊन बसले, लाल दिवा लागला, अँपिअरच्या खिडकीत ०.०५. पोरानं खुंटी फिरवून त्याचे ०.१० केले, तारा सोडवल्या, झालं. चांगल्या डब्यांत हेही करावं लागत नाही, एक बटण दाबलं की ठरवलेली लिमिट दिसते. पण स्वस्त डब्यांत अजून हेच रजिस्टर लग्न.

आमच्या ह्यांना तो लाल दिवा फार आवडला. मी जरा कुठे बोलायला लागले की पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "लाल दिवा." चारचौघांतसुद्धा.

असं असूनही दहा मिलिअँपिअरची लिमिट लावलेली असताना पोराचा एक एलईडी टिचकन मेला. गुरुजींना आनंद लपवता येईना. त्यांनी समजावलं की डब्याच्या तोंडाशीच एक कपॅसिटर बसलेला असतो. डबा तीस व्होल्टवर चालू असेल तर तोही तीस व्होल्टनं तुडुंब. लिमिटचा पहारा त्याच्या मागे, आणि हा पहाऱ्याच्या पुढे. एलईडी लावला की साठवलेलं सगळं एका दमात ओकतो. हजार मायक्रोफॅरडचा असेल तर जवळजवळ अर्धा जूल, एलईडीचं तेरावं घालायला पुरेसा. सासूनं कपाटाला कुलूप लावावं आणि लाडवांचा डबा बाहेर विसरावा, तशातली गत. म्हणून आधी व्होल्ट खाली घ्यायचे, मग जोडायचं, मग वर चढवायचे. आणि डबा घेतानाच त्याला 'आउटपुट'चं वेगळं बटण आहे का ते बघायचं, म्हणजे डबा चालू-बंद करताना येणारा झटका सर्किटपर्यंत जात नाही.

याउलट गरिबाचा डबा. जुन्या कॉम्प्युटरचा सप्लाय काढायचा, त्याची हिरवी तार काळीला जोडली की तो जागा होतो. पिवळीत बारा व्होल्ट, लालमध्ये पाच, नारिंगीत सव्वातीनच्या किंचित वर. जवळजवळ फुकट! पोरानं कॉलेजात आधी हेच केलं होतं. पण त्याच्या पाचाच्या तारेत वीसेक अँपिअर द्यायची ताकद असते आणि लिमिटची खुंटी नसते. एक तार चुकली आणि ब्रेडबोर्डची भोकं मेणासारखी वितळली. तो डबा वाईट नाही हो, मोठ्या मनाचा आहे. पण त्याला 'पुरे' हा शब्द शिकवलेला नाही.

आता या पोरांना हे शिकवतं कोण? ऑस्ट्रेलियात डेव्ह जोन्स नावाचा एक माणूस आहे. २००९पासून व्हिडिओ टाकतो. त्याची शिकवण अशी की नवीन वस्तू आली की चालू करू नका, आधी उघडा. नव्या सुनेला उंबरठ्यावर उभं करून तिच्या पेट्या तपासाव्यात, तशी ही शिकवण! एवढ्यावर थांबतं तर ठीक. पण हे व्यसन चढत जातं. सध्या पोराच्या मोबाइलच्या पडद्यावर एक फोटो आहे. जाऊबाईंनी पाहिला आणि जीव मुठीत धरून विचारलं, "कुठली रे ही?"

"चीनची."

त्या मटकन खाली बसल्या. फोटो राइगॉल कंपनीच्या डीपी ८३२चा होता. तीन तोंडांचा डबा: दोन तोंडांना तीस व्होल्ट तीन अँपिअर, तिसऱ्याला पाच व्होल्ट तीन अँपिअर, वजन दहा किलोच्या आसपास, किंमत कापसात विचारू नका. दोन तोंडं का लागतात, तर काही चिपांना एकाच वेळी अधिक बारा आणि उणे बारा व्होल्ट लागतात, मग दोन तोंडं पाठीला पाठ लावून जोडायची. घरात एक तोंड आवरत नाही आणि हे तीन आणायला निघाले.

जुन्या बाजाराचं वेड ते आणखी वेगळं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, ही यांची पंढरपूर-आळंदी. कॉलेजांतून भंगारात निघालेला ठाण्याच्या ॲपलॅबचा जुना डबा दिसला की गुरुजी हात जोडतात. परदेशी जुना डबा असेल तर त्याच्या अंगावर नाव कोणतं, यावर चर्चा. ह्यूलेट-पॅकार्डच्या मोजमापाच्या यंत्रांचं घराणं १९९९ला एजिलंट झालं, २०१४ला कीसाइट. दोनदा नाव बदललं तरी जुनी माणसं माहेरच्याच नावानं हाक मारतात.

उरला अर्धा माणूस. शेजारच्या धुऱ्यावरचे भाऊ. अर्धे अशासाठी की त्यांनी डबा घेतलेला नाही. रोज संध्याकाळी येऊन नुसते बघत बसतात. एके दिवशी फवारणीच्या पंपाची बॅटरी घेऊन आले. बारा व्होल्ट, आठ अँपिअर-अवरची. पोरानं व्होल्ट १४.४वर ठेवले, लिमिट ०.८वर. आधी लाल दिवा, आकडा ०.८वर चिकटलेला. तासामागून तास गेले, व्होल्ट चढत चढत १४.४ला पोचले, दिवा हिरवा झाला आणि अँपिअर आपोआप उतरायला लागले. लहान लेकरू पोट भरलं की हळूहळू तोंड फिरवतं ना, अगदी तसं. भाऊंनी दिवसभर दुसरं काही केलं नाही. मध्येच लाइट गेली तेव्हा मात्र पोरगा तारेकडे धावला, कारण लाइट गेली की भरलेली बॅटरी उलटी डब्यात घुसते. आता तारेत एक डायोड टाकला आहे, म्हणजे जायची वाट आहे, यायची नाही. डायोड स्वतःकडे अर्धा-पाऊण व्होल्ट ठेवून घेतो, तेवढे वर वाढवून द्यायचे. दलालाशिवाय काम होत नाही, तिथेही.

मग भाऊंनी झटका मशीन आणलं. आमच्याकडे रोही आणि रानडुक्कर पीक ठेवत नाहीत, म्हणून कुंपणाच्या तारेला हे लावतात. मशीन मुकं झालं होतं. पोरानं बारा व्होल्ट ठेवले, लिमिट अर्धा अँपिअर. एक ठोकाही न देता लाल दिवा. मोबाइलवाल्याला बोलावलं, त्यानं नाडी पाहिल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "आतला ट्रान्झिस्टर गेला." चहा-पोह्याच्या पैशात नवा ट्रान्झिस्टर आला आणि मशीन टक-टक बोलायला लागलं.

तेव्हा गुरुजी जे बोलले, त्यावर मला चेष्टा सुचली नाही. म्हणाले, "या मशीनचा नियम ठाऊक आहे? सेकंदाला एकाहून जास्त ठोका नाही, आणि एका ठोक्यात पाच जूलच्या वर नाही. जनावर दचकून मागे सरकते, मरत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये हात सोडवाले वेळ भेटते." आणि थोडं थांबून, "लोक मशीनचे पैसे वाचवतात अन् तारेत सरळ लाइन सोडतात. ती मध्ये थांबत नाही." कोणी काही बोललं नाही. कुंपणात थेट वीज सोडणं हा गुन्हा आहे, आणि विदर्भात त्यानं वाघ मेले आहेत, माणसंही मेली आहेत. कोणी सांगायची गरज नव्हती.

भाऊ उठताना म्हणाले, "म्हणजे डब्याची किंमत देण्याची नाही, थांबण्याची आहे." अर्धा माणूस, पण पूर्ण बोलला.

आता शेवटचं, आणि हे तुम्ही कोणालाही सांगायचं नाही.

ऑस्ट्रेलियाच्या शिकवणीप्रमाणे पोरानं डबा उघडला होता. आत अर्थिंगची तार पत्र्याला बसवलेली, पण पत्र्यावर रंग, आणि रंगातून वीज जात नाही. म्हणजे आत काही सुटून पत्र्याला लागलं, तर अख्खा डबाच अंगावर. त्यानं रंग खरवडला, स्क्रू आवळला, मीटर लावून पाहिलं. तार डब्यातल्या डब्यात ठीक. मग त्याच्या मनात आलं, भिंतीतलं काय? भिंतीतल्या प्लगचं तिसरं भोक तपासलं, तर त्याच्या मागे काहीच नव्हतं! तीस वर्षं आम्ही त्या प्लगवर इस्त्री लावतो, कूलर लावतो. कूलर अधूनमधून हाताला मुंग्या आणायचा. आम्ही म्हणायचो, ओल्या हातानं धरला असेल.

वायरमन आला. दिवसभर शेतावर अडकला होता, म्हणून आला तो तिन्हीसांजेला. घरामागे खोल खड्डा खणला. त्यात पाइप उभा केला आणि भोवती एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा. परत कोळसा, परत मीठ. वरून पाणी. आता तुम्हीच चित्र डोळ्यासमोर आणा. अमावस्या दोन दिवसांवर, दिवेलागणीची वेळ, घरामागे खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा, आणि भोवती चार पुरुष गप्प उभे. एक लिंबू तेवढं कमी होतं! सकाळी आळीत बातमी होती की या घरानं करणी केली. एकीनं तर २०१३चा जादूटोण्याचा कायदाही काढला. कोणावर करणी, यावर तीन तर्क होते, आणि त्यांतले दोन माझ्यापासून निघाले असं म्हणतात. मी कोणाच्या भानगडीत पडत नाही.

कूलरच्या मुंग्या मात्र बंद झाल्या.

वायरमन जाताना सांगून गेला की उन्हाळ्यात माती सुकते, खड्ड्यात पाणी घालत जा, नाहीतर अर्थिंग नावालाच उरेल. पोरगा सुट्टी संपवून डबा घेऊन कॉलेजला गेला. परवा सकाळी मी मागच्या दारी गेले, तर जाऊबाई तुळशीला पाणी घालत होत्या. घातलं, हात जोडले, आणि तांब्यात उरलेलं पाणी घेऊन त्या खड्ड्याकडे गेल्या. हळूहळू, धार धरून, सगळं ओतलं.

म्हटलं, "जाऊबाई, डबा तं गेला! आता कोणासाठी?"

"हे कुठी बोलून मागते, बाई? तुळसही मागत नाही. उन्हाळ्यात दोघाईले लागते."

यावर मी बरंच काही बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ओसरीवरून पेपराच्या मागून आवाज आला, "लाल दिवा."